तेरवीच्या पत्रिकेतली ओळ

बीडमध्ये नुकतेच कॉम्प्युटर आलते, तेव्हाचं सांगतो. छापखान्यात पत्रिकांच्या त्याच त्याच ओळी टाईप करून मी वैतागलो आणि मोडक्या कीबोर्डातून सहा बटणांची पेटी बनवली. एक बटण दाबलं की अख्खी ओळ उमटायची.

लिंबागणेश गावचा दत्ता त्याच्या वडिलांच्या, अण्णाच्या तेरवीची पत्रिका करायला आला. मी ‘शोकाकुल’चं बटण दाबलं आणि न वाचताच कागद त्याच्या हातात दिला.

“हे काय छापलंस बे?” दत्ता ओरडला.

खाली होतं, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’

मी घाईघाईनं पेटी उलटी करून बघितली. “दत्ता, माफ कर. सोल्डरचा डाग देताना दोन बटणांच्या तारा चिकटल्या वाटतं.”

तो कागदाकडं बघत एकदम खदाखदा हसला. “अण्णाला लई आवडलं असतं हे,” म्हणाला, आणि तिथंच बाकड्यावर बसून ढसाढसा रडायला लागला.