वहीत न लिहिलेल्या तीन दुरुस्त्या

पुरवणी जबाब
दिनांक २९ डिसेंबर २०२३, सकाळी १०.४०
पोलीस ठाणे, ताल्दीकोर्गान

माझे नाव येरसायिन कालीउली बेक्सुल्तानोव, वय ४६ वर्षे, धंदा नोकरी (सरकारी पशुवैद्य), राहणार कोकबास्ताऊ गाव, शाळेच्या मागची गल्ली.

मी समक्ष हजर राहून पुरवणी जबाब लिहून देतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी कुल्यान हिच्यासह राहतो. माझ्याकडे सात गावांतल्या गुरांचे काम आहे. दिनांक १९ नोव्हेंबरच्या अपघाताबाबत मी २२ नोव्हेंबर रोजी इस्पितळात जबाब दिला होता. तो खोटा आहे. हा जबाब मी कॅप्टन लारिसा पेत्रोव्ना मॅडम यांच्यासमोर देत आहे. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर कारवाई होऊ शकते, याची समज त्यांनी मला दोनदा दिली. मला ती पहिल्यांदाच कळली होती.

सदर गाडी मी जानेवारी महिन्यात ताल्दीकोर्गान येथील विक्री केंद्रातून नवीन घेतली. हमी तीन वर्षांची होती. एप्रिलच्या सुरुवातीला गाडी चालता चालता बंद पडली. इंजीन अचानक गप्प होते, स्टिअरिंग दगडासारखे जड होते, ब्रेक लागत नाही. पाच मिनिटांनी चावी फिरवली की गाडी काही झालेच नाही अशी सुरू होते.

दिनांक १२ एप्रिल रोजी मी गाडी केंद्रात नेली. दुरुस्ती विभागाचा मुख्य मेकॅनिक झोमार्त, वय ३४, याने वही उघडली आणि तक्रार लिहिण्याआधी विचारले, "अगाय, तुमचं कूळ कोणतं? आणि आईकडचं?" मी सांगितले. त्याने पेन ठेवून दिले.

मॅडमनी विचारले की याचा अपघाताशी संबंध काय. मॅडम आमच्यातल्या, म्हणजे कझाख, नाहीत, म्हणून सांगतो. हे लिहिले नाही तर पुढचे काहीच कळणार नाही. माझी आई झोमार्तच्या कुळातली. आमच्यात आईच्या कुळातला प्रत्येक पुरुष मामा, मग तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान का असेना. आणि भाच्याने मामाच्या घरी तीनदा मागावे, मामाने एकदाही नाही म्हणू नये, अशी रीत आहे. जुन्या काळी घोडा मागत, शिकारी कुत्रा मागत. आता काय मागायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

झोमार्त म्हणाला, "अरे, मग तू माझा भाचा की! आणि मी इथं तुला मोठा समजून अगाय अगाय करतोय. ये, मामाच्या पाया पड."

मी म्हणालो, "मामा, आधी मिशा येऊ दे नीट."

तो खूप हसला. मग मी विचारले की तक्रार वहीत लिहिणार नाहीस का. तो म्हणाला, "भाच्याचं काम वहीत लिहू? उद्या लोक म्हणतील, झोमार्तनं भाच्याला रांगेत उभं करून पावती दिली. घरचं काम आहे. तू मागितलंस, मी दिलं, एक झालं." त्याने सगळी कामे बाजूला सारून दोन तासांत गाडी करून दिली. रांगेत माझ्यापुढे चार माणसे होती. मला फार बरे वाटले, हेही लिहावे.

दिनांक ६ जुलै रोजी पुन्हा तोच बिघाड. मी पुन्हा गेलो. त्याने कुठलासा सेन्सर बदलला. म्हणाला, "दोन झालं." दिनांक ३ ऑक्टोबर रोजी, ये रे माझ्या मागल्या. या वेळी त्याने गाडी तीन दिवस ठेवून घेतली, रोज संध्याकाळी स्वतः चालवून पाहिली. त्याच्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. माझ्या धंद्यात हे नेहमीचे आहे. घरी लंगडणारी गाय दवाखान्याच्या दारात सरळ चालते. म्हणून मी त्याच्यावर चिडलो नाही. तीन वेळा गाडी करून दिली, पण वहीत एकदाही नोंद नाही.

मी पशुवैद्य आहे. सात गावांतल्या प्रत्येक मेंढीला कोणत्या तारखेला काय टोचले, हे माझ्याकडे लिहिलेले आहे. स्वतःच्या गाडीबद्दल मी एक ओळ लिहून मागितली नाही. मामाकडे कागद कसा मागायचा, असे वाटले.

दिनांक १३ नोव्हेंबर रोजी गाडी रेल्वेच्या फाटकावर बंद पडली. सोबत कुल्यान होती. गाडी लोकांनी ढकलून काढली. त्या दिवशी घरी आल्यावर कुल्यानने हमीचे पुस्तक वाचले. त्यात असे होते की, तोच बिघाड वर्षात तीन वेळा केंद्राच्या वहीत नोंदला गेला, तर कंपनीने गाडी बदलून द्यावी. कुल्यान म्हणाली, "तुमच्या मामानं तुम्हाला रांगेतून सोडवलं, आणि गाडी जन्माची आपल्या गळ्यात बांधली."

दुसऱ्या दिवशी मी हे झोमार्तला जसेच्या तसे सांगितले. सांगायला नको होते. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मी आता मागच्या तारखा कशा लिहू? विचारतील, तेव्हा का नाही लिहिलं? पुरावा काय?" मग म्हणाला, "रविवारी माझी सुट्टी आहे. गाडीला तपासणीचं यंत्र जोडतो आणि बंद पडेपर्यंत चालवतो. यंत्रात एकदा सापडली ना, की मी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. तिन्ही वेळा लपवलं म्हणूनही सांगतो. काय करतील, हाकलतील?"

मी म्हणालो, "मामा, माझ्या तीन मागण्या संपल्या."

तो म्हणाला, "म्हणून तर. हे माझ्याकडून."

दिनांक १९ नोव्हेंबर, रविवार, सकाळी साडेनऊला तो बसने आमच्या गावी आला. चहा घेतला, बाउरसाक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे खाल्ले. कुल्यानने ऑक्टोबरात वाळवलेले मांस शिजवायला घातले होते, ते परत आल्यावर खाऊ असे ठरले. तपासणीचे यंत्र केंद्राच्या मालकीचे होते. त्याने ते गाडीला जोडले व आम्ही टेकेलीच्या रस्त्याला लागलो. चालवत तो होता, आमच्याकडे चालक बसतो तसा डावीकडे; मी शेजारी, उजवीकडे. पट्टा आम्ही दोघांनी लावला होता. वेग साठच्या आत होता. माझ्या पहिल्या जबाबात वेग जास्त होता असे आहे. ते खोटे आहे.

सकाळी ११.२० च्या सुमारास उतारावर इंजीन बंद पडले. यंत्र वाजले. झोमार्तने यंत्राकडे पाहिले आणि ओरडला, "सापडली! भाच्या, सापडली!" तो आनंदात होता. समोरून कोळशाचा ट्रक येत होता. रस्त्यावर पातळ बर्फ होता आणि गाडी घसरून ट्रककडे जात होती. झोमार्त दोन्ही हातांनी जड झालेले स्टिअरिंग उजवीकडे ओढत होता. ट्रक त्याच्या बाजूला लागला. माझे गळ्याचे हाड व तीन बरगड्या मोडल्या. तो जागीच गेला.

मॅडमनी विचारले की डावीकडे ओढले असते तर काय झाले असते. ट्रक माझ्या बाजूला लागला असता. त्याने मुद्दाम उजवीकडे ओढले का, असेही विचारले. मला माहीत नाही. यावर मला आणखी विचारू नये.

दिनांक २१ नोव्हेंबर रोजी त्याची माती झाली. मी इस्पितळात होतो. त्याच संध्याकाळी केंद्राचे व्यवस्थापक मारात कायरोविच डाळिंबे घेऊन भेटायला आले. म्हणाले, "गेलेला माणूस परत येत नाही, येरसायिन अगाय. तुमची गाडी म्हणजे तुमचे पाय. आम्ही नवी देतो, तशीच, पांढरी. तुम्ही फक्त खरं तेवढं सांगा."

मी विचारले, "खरं म्हणजे काय?"

ते म्हणाले, "वही बघा ना. गाडीबद्दल एकही तक्रार नाही. आमचा माणूस सुट्टीच्या दिवशी नातेवाइकाची गाडी घेऊन हिंडायला गेला, जोरात चालवली. वहीत जे नाही, ते घडलं कसं म्हणणार?"

दुसऱ्या दिवशी मी तसाच जबाब दिला. औषधांची गुंगी होती, असे आता म्हणता येईल. पण गुंगी नव्हती. मला गाडी हवी होती. मला याची लाज वाटते. मॅडम म्हणाल्या की जबाबात असे लिहीत नाहीत. मी म्हणालो, लिहा.

दिनांक ८ डिसेंबर रोजी नवीन गाडी माझ्या दारात आली. माझ्या जबाबावरून चौकशीत झोमार्तचाच दोष ठरला. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि साक्ष माझी. कामावर असताना गेला असे कंपनी धरत नाही. त्याची पत्नी बागिला हिला केंद्रातून त्याचे कपाटातले कपडे एका पिशवीत मिळाले, दुसरे काही नाही. गावात लोक म्हणतात की बिचाऱ्या भाच्याला मारायला निघाला होता, स्वतःच गेला. हे माझ्यासमोरही म्हणाले. मी ऐकून घेतले.

काल, दिनांक २८ डिसेंबर रोजी, त्याच्या चाळिसाव्याचे जेवण होते. मी नव्या गाडीने गेलो व ती दोन गल्ल्या सोडून दुकानाजवळ उभी केली. तरी सगळ्यांनी ती पाहिली असणार. झोमार्तची आई, कुल्ताय आजी, वय ७१, हिने मला दारात पाहून पुढे बोलावले. "भाचा आलाय, त्याला वर जागा द्या," असे म्हणाली. माझ्याहून थोर माणसे खाली बसली होती.

चहा बागिला ओतत होती. तिने माझा पेला काठोकाठ भरून ठेवला. आमच्यात पाहुण्याला पेला अर्धाच देतात, म्हणजे तो पुन्हा मागतो आणि बसून राहतो. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे हा पी आणि चालू लाग. मी पेल्याला हात लावला नाही. कुल्ताय आजीने तो उचलला, अर्धा चहा स्वतःच्या पेल्यात ओतला आणि उरलेला माझ्यापुढे ठेवला.

मग ती म्हणाली, "बागिलावर रागावू नको."

मी म्हणालो, "नाही, आजी. तिचं बरोबर आहे."

आजी म्हणाली, "तू माझ्या पोराकडे तीनदा मागितलंस. त्यानं तीनदा दिलं. मला सगळं सांगायचा तो, जेवताना. भाच्याच्या गाडीनं माझी इज्जत घेतली म्हणायचा. शनिवारी म्हणाला, उद्या जातो आणि पकडून आणतो तिला." जेवण वाढणाऱ्या बाया थांबल्या. "मामाकडच्यांनी भाच्याकडे मागायची रीत नाही, मला ठाऊक आहे. आजवर आपल्यात कोणी मागितलं नसेल. मी मागते. तो त्या गाडीत कशासाठी बसला होता, ते जिथं लिहून घेतात तिथं जाऊन सांग. गाडी तुलाच राहू दे."

मी तिला होही म्हणालो नाही आणि नाहीही. तिने मला परत विचारले नाही. जेवण झाल्यावर तिने बाउरसाक रुमालात बांधून कुल्यानसाठी दिले, जसे नेहमी देतात.

आज सकाळी मी नवी गाडी केंद्राच्या फाटकात उभी करून चावी पहारेकऱ्याकडे दिली. त्याने विचारले, "परत बिघाड?" मी हो म्हणालो. तिथून चालत इथे आलो.

माझे म्हणणे असे की, १२ एप्रिल, ६ जुलै आणि ३ ऑक्टोबर या तीन तारखांना गाडीत एकच बिघाड होता व तो झोमार्तने पाहिला होता. अपघाताच्या वेळी तो केंद्राचेच काम करत होता. तपासणीचे यंत्र केंद्राने गाडीतून काढून परत नेले आहे. ते ताब्यात घेऊन तपासावे. त्यात ११.२० ची नोंद असेल. ती पुसली असेल, तर ती का पुसली हे विचारावे. पहिल्या जबाबाबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे.

वरील जबाब मॅडमनी मला कझाखमध्ये वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. शेवटी छापील ओळ होती की, सदर जबाब मी कोणाच्याही दबावाशिवाय आणि कोणाच्याही सांगण्याशिवाय दिला आहे. त्यातला दबावाचा भाग खरा आहे. दुसरा भाग मी मॅडमना खोडायला लावला आणि खोडल्याच्या जागी सही केली आहे. हा जबाब मी कुल्ताय आजीच्या सांगण्यावरून दिला आहे. तिने एकदाच सांगितले.

सही
येरसायिन बेक्सुल्तानोव