धम्मूला पुढे सोडू नका

पहिली शिफ्ट सुटली होती आणि चाकणच्या चौकातल्या भैरूभाऊंच्या रसवंतीवर ही मोठी रांग लागली होती. दिव्याही रांगेत होती; तिच्या पुढे मिनल आणि मिनलचा सहा वर्षांचा मुलगा धम्मू उभे होते.

“ताई, लेकराला पुढं घ्या की,” रांगेतला एक जण मिनलला म्हणाला.

“नको, दादा. त्याला पुढे सोडू नका.”

“अहो, लहान आहे! ओ भाऊ, सरका जरा.”

“दादा, हात जोडते! त्याला ऑटिझम आहे, थांबायला शिकवतोय. त्याच्या हातात ‘थांब’ लिहिलेलं कार्ड आहे ना, ते मी परत घेतलं की रस प्यायचा. थेरपी सेंटरमध्ये थांबतो, बाहेर आज पहिल्यांदाच.”

“असं व्हय! मग कुणी हलू नका रे! भैरूभाऊ, तो ग्लास ठेवा खाली.”

“आरं, पोरगं चरकाच्या घुंगरांकडं बघतंय. माझा जीव तुटतोय.”

“तुटू दे.”

“ताई, उड्या मारतोय तो.”

“मारू दे. रांगेतच मारतोय ना!”

“आता दोघंच राहिले. शाबास, पठ्ठ्या!”

“हळू बोला, राव, बिचकंल ना तो!”

पुढचे दोघं ग्लास घेऊन बाजूला झाले.

“घे बाळा, तुजा नंबर आला.”

ग्लास धम्मूच्या समोर आला. मिनलने नवऱ्याला फोन लावला.

“अहो, थांबला! धम्मू थांबला! अख्खी रांग थांबला!”

“ताई…”

“हो हो, उड्या मारल्या, पण पळाला नाही!”

दिव्यासकट सगळी रांग ओरडली, “ओ ताई, फोन ठेवा! कार्ड घ्या आधी! पोरगं अजून थांबलंय!”