दहा सेकंदांचं औषध

आदरणीय अधीक्षकसाहेब, शेजारी बसलेले पाहुणे डॉक्टर, ज्यांच्या निरोपासाठी हा सगळा घाट घातलाय त्या आमच्या मोठ्या सिस्टर, त्यांचे यजमान, आणि ड्यूटी संपवून किंवा चुकवून आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मला दोन मिनिटं दिलीत. तीन वर्षांत पाच हॉस्पिटलं बदललेला ब्रदर मी. एका जागी दोन मिनिटं म्हणजे जरा जास्तच. त्यातल्या दुसऱ्या हॉस्पिटलची लिफ्ट तर... असो, ते नको.

इथे आलो त्याच आठवड्यात एक टॅक्सीवाला आला. ठोके दोनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅडेनोसिन दे, ठोके ताळ्यावर येतील. मी शिरेतून दिलं, अगदी जपून, सावकाश. काहीच झालं नाही.

मागून सिस्टर म्हणाल्या, "औषध कुठे गेलं?"

"आत."

"हृदयापर्यंत पोचायच्या आधी वाटेतच संपलं. काही सेकंदांचं आयुष्य त्याचं. तुझ्यासारखंच आहे, रमतगमत निघालं की पोचतच नाही."

डॉक्टरांनी पुन्हा द्यायला सांगितलं. सिस्टर आधी टॅक्सीवाल्याजवळ वाकल्या. "दादा, आता छातीवर कुणी बसल्यासारखं होईल. मरतोय असं वाटेल. मरणार नाही. दहापर्यंत मोजा, मी इथेच आहे."

मग एका दमात औषध, पाठोपाठ ते पुढे ढकलायला सलाईन, त्याचा हात वर. पडद्यावरची रेघ सपाट झाली. तो सातपर्यंत पोचला आणि रेघ पुन्हा चालू लागली, शहाण्यासारखी. औषध काय करतं ते पुस्तकात असतं हो. ते आतून कसं वाटतं, हे यांना कुणी शिकवलं असेल?

आता बोलतोच आहे तर सांगून टाकतो. माझ्या खिशात राजीनामा आहे. कार्यक्रम संपला की द्यायचा होता. मघाशी फुलं द्यायला गेलो, तर सिस्टरांनी माझ्या मुठीत स्वतःकडची इमर्जन्सी ट्रॉलीची किल्ली कोंबली. "उद्यापासून तू." बस, एवढंच. साहेब, तुम्हीही मान डोलावलीत. एवढ्या टाळ्यांत नाही कसं म्हणायचं? हॉलची चारही दारं उघडी आहेत, आणि मला एकातूनही जाता येईना.

सर्वांचे आभार. बोलण्यात वाहवत गेलो असेन तर पोटात घाला. आणि सिस्टर, पेशंटला तुम्ही आधी सांगायचात, मला नाही सांगितलंत. छातीवर कुणीतरी बसलंय. दहा केव्हाच मोजून झाले. जाण्याआधी एवढं सांगून जा, हे किती वेळ राहतं?