पास होईपर्यंत एकच फी

आईशप्पथ सांगतो ताई, यातला शब्दन् शब्द खरा आहे — क्लच, आधी क्लच दाबा — हां, आता पहिला गिअर. शब्दन् शब्द म्हणजे, थोडं मीठमसाला असणारच, मी गाडी शिकवतो, कोर्टात साक्ष नाही देत. तुम्ही विचारलंत, माझ्या मुलीनं कर्ज काढून बिझनेस इकॉनॉमिक्सची पदवी घेतली, ते कर्ज तिच्या पगारातून झेपतंय का. तुमच्या चिरंजीवांना तेच शिकायचंय, बँकेचे कागद मागच्या सीटवर आहेत, अकरा वाजता जामीन म्हणून तुम्ही सही करायची आणि बँक त्या चौकापलीकडे. कळलं सगळं. डावीकडे वळा. — सरळ नाही हो, डावीकडेच, बँक काय पळून जातेय?

तर तिच्या नोकरीच्या मुलाखतीला पाच साहेब. मधला टकलू. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि म्हणाला, याची किंमत सांगा. बाकीच्या पोरांनी बाटलीचा भाव सांगितला. आमची बया काय म्हणाली? म्हणाली, 'तुमचा घसा किती कोरडा आहे त्यावर!' — टकलू उठून उभा राहिला, जागच्या जागी नेमणूक, महिना नव्वद हजार! काय? मागच्या आठवड्यात तीन साहेब म्हणालो होतो? मग दोघं नंतर आले असतील, तुम्ही आरशात बघा, मागे टेम्पो आहे. आणि ते कॉलेजचं माहितीपत्रक तुम्ही म्हणताय ना, त्यात पगाराची सरासरी छापलेली असते — ती नका धरू. माझी आणि एखाद्या वैमानिकाची सरासरी काढली तर मी रोज अर्ध्या आकाशात असतो. परत डावीकडे.

हो, त्याच गल्लीत आलो परत, माहितेय मला. पण पोरगी हुशार, ते नाकारता येणार नाही. पदवी घेऊन घरी आली, पहिल्याच दिवशी माझी हिशेबाची वही घेऊन बसली. माझी पद्धत कशी — पास होईपर्यंत एकच फी. वडिलांच्या वेळेपासूनची. जो पाच दिवसांत शिकला त्याचीही तेवढीच आणि रिव्हर्सवाल्या काकांचीही तेवढीच. रिव्हर्सवाले काका माहीत नाहीत? निवृत्त ग्रंथपाल. चौदा महिने शिकत होते, गाडी मागे घ्यायची म्हटलं की डोळे मिटायचे. त्यांच्या पायी दोन क्लचप्लेटा गेल्या, वर चहा माझ्याकडून, कारण माणूस गप्पिष्ट. बया म्हणाली, 'बाबा, तुम्ही नापासांचे पोशिंदे आहात. हुशारांच्या फीवर ढ लोकांना फिरवताय.' आणि त्याच दिवशी पाटी बदलली — फेरीगणिक पैसे! तेव्हापासून काय सांगू, ढ माणूस दिसला की मला भरून येतं. काका महिनाभरात पास झाले, हे एक नवलच. आणि तिचा हप्ता कसा निघतोय म्हणता? — तुमच्यासारख्यांच्या फेऱ्यांवर तर निघतोय, आज तुमची सत्ताविसावी —

ब्रेक! — अहो, काय हे, जीव गेला असता माझा. स्वतःहूनच वळलात? आणि लावलीतसुद्धा, दोन गाड्यांच्या मधे, एका दमात, बँकेच्या दारात.

असं बघू नका. तिचा हप्ता तिच्या पगारातून का नाही जात, हेच ना? जातो. थोडा जातो. नव्वद हजारांतून चौदा हजार सहज — नाही, थांबा, दार उघडू नका. त्या आकड्यावर सही करायला निघालात? ऐका. साहेब पाच नव्हते, तीनही नव्हते. टायरच्या गोदामातल्या एक बाई होत्या, त्यांनी टायपिंग येतं का विचारलं. ग्लासबिस काही नव्हता. नोकरी लागायला आठ महिने लागले आणि पगार तीस हजार. हप्ता चौदा हजारांचा, अजून पाच वर्षं. खोलीभाडं गेलं की ती महिनाअखेरीला माझ्याकडे जेवते आणि निम्मा हप्ता मी भरतो — तिच्या आईला हे हप्त्याचं ठाऊक नाही. जामीन कोण होता? मीच. त्या दिवशी मला कोणी डावीकडे वळवलं नाही.

सही करू का म्हणता? मी काय सांगणार! मी तिला विचारलं होतं, परत घेशील का ही पदवी? म्हणाली, 'घेईन. पण कर्ज निम्मं, आणि हॉस्टेलला नाही राहणार.' हे वाक्य तिचं आहे. मी बनवलं असतं तर याहून चांगलं बनवलं असतं.

आणि आणखी एक बनवलेलं होतं — 'अजून हात बसला नाही' असं मी म्हणत होतो ना? तो पंधरा दिवसांपूर्वीच बसला. उतरा आता, अकरा वाजून गेले. उद्या? उद्या नका येऊ. परीक्षेची तारीख घ्या.