बीपीला बदली

(कोपरखैरणे, माथाडी वसाहतीतलं घर. दुपार. टेबलावर पाट, पाटावर लॅपटॉप.)

राजेश्वरी: ...आणि मेन्सा सर, माझ्या ऑनलाइन कोर्सचे गाइड, काय म्हणाले माहितीये? असे आकडे मी कुठेच बघितले नाहीत म्हणाले. घानात बसलेला एवढा मोठा माणूस, आणि आपल्या मार्केटच्या माणसांवर फिदा.

वेणूबाई: आगं पर दोन घास खा की. सकाळधरनं त्या डब्याफुडं बसलीयास.

राजेश्वरी: आत्या, आज साडेचारला शेवटचं प्रेझेंटेशन. ते झालं की मी एमपीएच. पब्लिक हेल्थची मास्टर्स. दवाखान्यातली ड्युटी करून, पोळ्या लाटून, ह्या पाटावर. मला आज जेवण जाणार आहे का?

कृष्णात: आये, बोलू दे तिला. म्या तर आज खाडा टाकलाय ऐकायला.

वेणूबाई: तू काय डोंबल ऐकनार. सगळं इंग्रजीत आसतंय.

कृष्णात: माझ्याच टोळीवर हाय न्हवं? नाव आलं की कळंल.

राजेश्वरी: नावं येणारच नाहीत. नियम आहे तसा. प्रत्येकाला नुसता नंबर. कुणाचा बीपी किती, हे मुकादमाला नाही कळलं पाहिजे, शेठला नाही, मलासुद्धा नाही. म्हणून तर मोजायला दवाखान्यातल्या सुचिताला बसवलं. मी असते तर सगळे वैनी वैनी करून लाजत बसले असते.

वेणूबाई: मंग निघालं काय त्यातनं?

राजेश्वरी: ऐका ना. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात उभ्या दिवसात गाड्याच्या गाड्या खाली करणारा माणूस. तोंडात तंबाखू, झोपेचा पत्ता नाही. मी धरूनच चालले होते, निम्म्यांचा बीपी वाढलेला असणार. आणि निघालं काय, जवळजवळ सगळे नॉर्मल. पन्नाशी ओलांडलेलेसुद्धा. एसीत बसणाऱ्यांपेक्षा बरे. माझ्याबरोबर शिकणारी नेपाळची मुलगी म्हणते, मला पण घ्या तुमच्या टोळीत. आणि सर म्हणाले, हे जर्नलला पाठवू. आत्या, जर्नलमध्ये माझं नाव.

वेणूबाई: गावाकडं सांगून ठेवलंय म्या. सून डाक्टरच्या वरचं शिकली म्हनून.

राजेश्वरी: वरचं नाही हो, बाजूचं. डॉक्टर एका माणसाला बघतो, आम्ही अख्खं मार्केट बघतो.

कृष्णात: टोळीला बी सांगितलं व्हतं म्या. वैनींचं काम हाय, कमी पडायचं न्हाई.

राजेश्वरी: ते तर मी पहिल्या पानावर लिहिलंय. माणसं तुम्हीच गोळा केलीत.

कृष्णात: नुसती गोळा न्हाई. निवडून दिली.

राजेश्वरी: निवडून म्हणजे?

कृष्णात: म्हंजी चांगली चांगली बसवली. आता गोटीराम. उभ्या उभ्या गरगरतंय त्याला. म्हनलं, तू नगं जाऊस. त्याच्या जागी धनाजीला धाडला. तालमीतला गडी, त्याला कसला आलाय बीपी.

राजेश्वरी: गोटीरामच्या नंबरवर धनाजी बसला?

कृष्णात: गोटीरामच्या बी, आन् आनखी दोघाचौघांच्या बी. शर्ट बदलून जात व्हता. सुचिताताई काय तोंडं वळखत्यात व्हय? आन् कागदावर नाव न्हाईच म्हनल्यावर लईच सोपं झालं.

राजेश्वरी: अहो, काय बोलताय तुम्ही?

कृष्णात: आन् एक धनाजीच न्हाई. ज्याला ज्याला गोळी चालू हाय, त्याला त्याला बदली दिला. तू तोंड कशापायी पाडलंस?

राजेश्वरी: बीपीला बदली देतात का कुणी?

कृष्णात: न द्यायला काय झालं? गडी आजारी पडला तर टोळी बदली देतीच. गाडी थांबती व्हय? बदलीनं खाली केलेली गाडी खालीच आसती की.

राजेश्वरी: माझं डोकं बधिर झालंय. जरा गप्प बसा.

वेणूबाई: आरं, तिला पानी दे.

कृष्णात: आगं, तुझी परीक्षा व्हती. आमची गडी नापास झाली की तुझं मार्क जानार, आसंच वाटलं सगळ्यास्नी. गोटीराम तर म्हनला, माझ्यापायी वैनींचं नुकसान नगं. तंबाखू बी सोडून बसली व्हती काय काय जन.

वेणूबाई: गुनाची हायती रं पोरं.

राजेश्वरी: गुणाची आहेत म्हणूनच रडू येतंय आत्या. चिडू कुणावर? अहो, त्यांच्या बीपीची परीक्षा नव्हती. खरं किती आहे ते शोधायची परीक्षा होती. वाढलेला निघाला असता तरी मी पासच होते. उलट त्या आकड्यांवर मला मागता आलं असतं, मार्केटात तपासणी लावा, गोळ्या तिथल्या तिथे द्या. आणि आता मी साडेचारला काय सांगणार? ही माणसं लोखंडाची आहेत, ह्यांना डॉक्टर नको?

कृष्णात: मंग सांगू नगंस. बदलीचं म्हनतोय म्या. कुनाला ठावं हाय? सुचिताताईंना न्हाई, त्या घानावाल्याला न्हाई.

वेणूबाई: व्हय बाय. आज पास हो. मंग मागनं कर काय खरं-खोटं करायचंय ते. सनावाराला बी तू त्या डब्याफुडं बसलीस, म्या बघितलंय.

राजेश्वरी: तेच डोक्यात येतंय आत्या, खोटं कशाला बोलू. साडेचारला बसायचं, बोलायचं, पास व्हायचं. कुणाला काही कळणार नाही.

वेणूबाई: मंग?

राजेश्वरी: मग उद्या गोटीराम समोरून येणार, वैनी पास झाल्या का विचारणार. आणि मी हो म्हणणार, त्याच्या गरगरणाऱ्या डोक्याकडे बघून. नाही जमायचं मला. थांबा, मी सरांना फोन लावते. त्यांच्याकडे सकाळ आहे. गॅलरीत जाते, इथे तुमच्यासमोर मला इंग्रजी सुचायचं नाही.

वेणूबाई: गेली बग. कडी लावून घेतली.

कृष्णात: आये, लई घोळ घातला म्या.

वेणूबाई: घातलास. आता एक सांग. तुझ्या जागी कोन बसलं व्हतं?

कृष्णात: माझ्या? म्याच की.

वेणूबाई: माझ्याकडं बगून सांग.

कृष्णात: ...हळू बोल. दार पातळ हाय.

वेणूबाई: धनाजीच ना?

कृष्णात: व्हय.

वेणूबाई: तुझा बा गाडी खाली करता करता खाली बसला, तो उठला न्हाई. त्यालाबी कुनी मोजला नव्हता.

कृष्णात: म्हनून तर भ्या वाटतंय आये. यंत्राला हात लावला आन् काय निघालं तर? मुकादम हलकं काम देनार. टोळीत माझ्या वाटची गोनी दुसऱ्यानं उचलायची, आन् म्या उभा राहून बघायचं?

वेणूबाई: दुसऱ्याला बदली देताना त्याचं भ्या न्हाई वाटलं काय?

कृष्णात: ते येगळं.

वेणूबाई: काय येगळं? गप. आली ती.

राजेश्वरी: सांगितलं. सगळं सांगितलं.

कृष्णात: चिडला का सायेब?

राजेश्वरी: आधी तर हसायलाच लागले. अहो, त्यांच्याकडे म्हणे आरोग्यवाली वजन करायला आली की आया शेजारणीचं गुटगुटीत बाळ उसनं आणतात. ताईला वाईट वाटू नये म्हणून. आणि इथे आपलं मार्केट. कुठे घाना, कुठे तुर्भे.

वेणूबाई: बया. बाळं उसनी?

राजेश्वरी: हो ना. पण पुढे गंभीर झाले. म्हणाले, आजचं प्रेझेंटेशन रद्द. हे आकडे वापरायचे नाहीत, सगळं पुन्हा मोजायचं. डिग्री पुढच्या बॅचबरोबर.

कृष्णात: म्हंजी समदं माझ्यामुळं गेलं.

राजेश्वरी: लांबलं. गेलं नाही. आणि खरं सांगू, मघाशी मेल्यासारखं झालं होतं, आता कधी एकदा मार्केटात जाते असं झालंय. ह्या वेळी सुचिता मोजेल, पण मी आधी टोळीसमोर उभी राहून बोलणार. वाढलेला निघाला तर कुणाचं काम जाणार नाही, मुकादमाला कळणार नाही, आणि वैनींचे मार्क तर अजिबात जाणार नाहीत. हे मी आधी सांगायलाच हवं होतं. मीच गृहीत धरलं की नियम मला समजलेत तर सगळ्यांना समजले. आणि बदली का दिली, तेही लिहून काढ म्हणाले सर, वेगळं. म्हणजे जास्तच लिहायचंय. द्या आत्या, आता भूक लागली. भरपूर वाढा.

वेणूबाई: वाढते. आधी ह्याला मोज.

राजेश्वरी: ह्यांना? ते नंबरात झालेच असतील की मागे. आणि अभ्यासासाठी घरच्या माणसाला मी मोजायचं नसतं.

वेणूबाई: तुझ्या अभ्यासात नगं धरूस. तुझ्यासाठी मोज. कृष्णात, सांगतोस का म्या सांगू?

राजेश्वरी: अहो? माझ्याकडे बघा. तुमच्या जागी पण?

कृष्णात: आन तुझ्या पिशवीतलं ते बीपीचं यंत्र. आज माझा मीच बसतोय.