हातातली मेंढी

— बस, बस त्या पेटीवर, मोडत नाही ती. आणि हा टायमर तूच धर, माझी नजर सारखी जाते त्याच्यावर. ग्लेनिसचा आहे, माझ्या बायकोचा, अंडी उकडायचा. दहा मिनिटं लावलाय. लोकरीच्या शेडचे फोटो काढायला आलास ना? काढ की, शेड कुठं पळून जातेय! मेंढ्या जाऊन सात वर्षं झाली, ती आहे तिथंच आहे. आधी दहा मिनिटं माझ्याशी बोल — म्हणजे मी बोलतो, तू ऐक, माझ्या हिशेबात तेही धरतो. रोज एका माणसाशी दहा मिनिटं. आज एकशे सतरावा दिवस, गड्या, एक खाडा नाही! परवा इकडं कोणी फिरकलंच नाही, तर गाडी काढली, हमरस्त्यावर गेलो आणि एका ट्रकवाल्याला हात दाखवून थांबवलं. त्याला वाटलं माझी गाडी बंद पडली. म्हटलं, पडली. मग दहा मिनिटं बोललो त्याच्याशी, गाडीबद्दल.

आत त्या फळीवर बघ, लाल खडूनं लिहिलंय — मर्व, दोनशे बारा. मर्व म्हणजे मी. एका दिवसात दोनशे बारा मेंढ्या कातरल्यात इथं. आमच्यात माणूस कसा आहे ते कोणी विचारत नाही, आकडा विचारतात. म्हणून दवाखान्यातली ती सल्ला देणारी पोरगी म्हणाली ना, 'बायकोशी नीट वागेन असं नुसतं म्हणून होत नाही मर्व, रोज किती ते ठरवा, मोजता आलं पाहिजे' — मला एकदम पटलं. माझ्या भाषेत बोलणारं कुणीतरी भेटलं! त्याच संध्याकाळी टायमर लावला. जेवण झालं की ग्लेनिसशी दहा मिनिटं गप्पा, आणि मग स्वयंपाकघराच्या दारावर लाल रेघ. आधी हसली ती. पण नंतर नंतर केस विंचरून बसायला लागली रे, मी टायमर लावायच्या आधीच. एक्केचाळीस रेघा झाल्या. मग गेली — तिकडं डब्बो शहरात, तिच्या बहिणीकडे.

का म्हणजे? तुला काय करायचंय? … टायमर वाजला म्हणून. ती काहीतरी सांगत होती, डॉक्टरचं, कसला रिपोर्ट आला होता — 'मर्व, त्यांनी मला समोर बसवलं आणि' — इतक्यात वाजला. मी उठलो. कप धुतला, रेघ मारली. यात माझा काही वाईट हेतू होता का? नव्हता. सकाळी बॅग दारात. म्हणाली, 'घंटा झाली तरी हातातली मेंढी पुरी करता ना रे तुम्ही कातरणारे? मला अर्धी सोडून उठलास.' — आता हे खरंय. शेडमध्ये सुट्टीची घंटा झाली की नवी मेंढी ओढायची नाही, पण हातातली अर्धवट सोडायची नाही, पहिल्या दिवशी शिकवतात. तिला मीच सांगितलं होतं, लग्नाआधी, नाचताना. म्हणाली, माणसाशी बोलायला शीक, मग येते. म्हणून हे सगळं, पुन्हा एकपासून. मोजायला तिनं सांगितलं नव्हतं, ते आपलं मीच लावलं.

नाही. रिपोर्टचं नाही विचारलं. दर रविवारी फोन करते ती. मी सांगतो, 'शंभर झाले, ग्लेनिस.' ती म्हणते, 'छान.' आणि ठेवते. मागचे दोन रविवार बहिणीनंच केला, म्हणाली ग्लेनिस झोपलीय. दुपारी तीनला! ग्लेनिस कधी दुपारची झोपत नाही. मी तिलाही आकडाच सांगितला. भीती वाटते मला, समजलं? आकडा सांगायला नाही वाटत.

— वाजला. झाली दहा मिनिटं. एकशे सतरा! ऊठ, काढ तुझे फोटो, प्रकाश आहे तोवर. … आता हे काय? बंद केलास ना टायमर? मग — घरातला फोन. आज बुधवार. बुधवारी इथं कोणी फोन करत नाही. वाजू दे. आजचं बोलणं झालंय माझं, घंटेनंतर नवी ओढायची — असा बघू नकोस माझ्याकडे. नवी नाही ही. माहीत आहे मला, नवी नाही. सरक, वाट सोड. टायमर दे इकडं — नको. राहू दे तुझ्याकडेच. जाताना फाटक लाव.