मंजुळाबाईंचा एक धवला

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा हेमांगीताई, व्यासपीठावरील डॉक्टर मंडळी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉ. क्षिप्राताई, आणि समोर बसलेले रुग्ण व नातेवाईकहो,

मी दिपेश, राहणार कोपर. रुग्णांच्या वतीने बोलायला मला सांगितलं आहे. माझी रुग्ण, माझी आई, आता नाही. तरी मलाच का, असं आपल्याला वाटेल.

माझी आई मंजुळा धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नांत विधींच्या वेळी ती धवले, म्हणजे तोंडी चालत आलेली लग्नगीतं, गायची. तिच्या मेंदूत, बोलण्याचं केंद्र असतं तिथेच, रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला. क्षिप्राताईंनी पर्याय समजावले. शस्त्रक्रियेने गुंता लगेच निघेल, पण शब्द जाऊ शकतात. किरणोपचारात चिरफाड नाही. मात्र गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात आणि तोवर रक्तस्रावाचा धोका राहतोच. हे त्यांनी दोनदा सांगितलं. आईने किरणोपचार घेऊन शब्द राखले.

डोक्याला चौकट बसवताना ताईंनी विचारलं, "मावशी, भीती वाटते?"

"बाय, स्क्रू तू पिलतेस, आन भ्याव वाटतं का मनाच इचारतेस!"

मशीनची तयारी होईपर्यंत ती गुणगुणत बसली. ताईंनी अर्थ विचारला, तर तिने त्यांना अख्खा धवला शिकवला. चाल चुकली की ओरडायची. नर्स हसत होत्या.

घरी आल्यावर माझी बहीण हेमाली म्हणाली, "आई, आता मला शिकव."

"डोक्यान ह्यो गुंता घेऊन लग्नाचा धवला कसा गाऊ? आधी बरी होऊं दे मना."

आम्हालाही पटलं. टाका नव्हता, जखम नव्हती. आई चालत-बोलत होती. घाई कसली?

दुसऱ्या वर्षी रक्तस्राव झाला. आई गेली. उपचारात काही चुकलं नव्हतं, हे मला इथे सांगायलाच हवं. शब्दांसाठी मिळवलेला वेळ आम्ही शब्द न घेताच घालवला.

मे महिन्यात हेमालीची हळद आहे. दुसरी धवलारीण येईल, तिचे धवले गाईल. आईचा एकच उरला आहे, तो ताईंपाशी. ताई, आपण नाशिकला जाणार असं ऐकतो. जाण्याआधी कोपरला या, तो हेमालीला शिकवा.

सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा करा. आणि ताई, चाल चुकेल म्हणून संकोचू नका. ओरडणारं आता कुणी नाही.